सातव्या होलवर ड्रायव्हर बॅगेतच राहू द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. आमच्याच नऊ होलच्या गोल्फ मैदानावर तीन वर्षांपासून खेळणारे एक जण विचारतात: "माझा हँडिकॅप (म्हणजे अठरा होलमागे मिळणारे सवलतीचे फटके) २४. बाकीचे आठ होल बरे जातात, पण सातव्यावर दर वेळी ८ किंवा ९. गेल्या महिन्यात तर ११ झाले. टीवरून (पहिला फटका मारतात त्या जागेवरून) ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबचा, फटका उजवीकडे बाभळींत जातो, तिथून काढायला गेलो की पाटचारीत. नवा, जास्त लॉफ्टचा (पात्याला जास्त कल असलेला) ड्रायव्हर घेतला तर फरक पडेल का?"

भाऊ, पैसे खिशात ठेवा. फरक पडेल, पण तो बॉल बाभळींत आणखी वीस यार्ड खोल जाण्याचा.

या होलशी माझी ओळख तुमच्यापेक्षा जुनी आहे. शाळेत असल्यापासून मी इथे बॅगा उचलल्या. भंगारातली सळई वाकवून केलेल्या काठीने आम्ही पोरं साहेब लोक गेल्यावर अंधार पडेपर्यंत खेळायचो. पुढे खेळाडू झालो, आता शिकवतो. ज्यांनी हा होल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी त्याची ठेवण सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

कार्डावर ३९२ यार्ड, पार ४ (म्हणजे चार फटक्यांत संपायला हवा), स्ट्रोक इंडेक्स १ (म्हणजे सवलतीचा फटका सर्वांत आधी इथे मिळतो). टी मोठ्या निंबाखाली. तोंड मावळतीला, मग साधारण २३० यार्डांवर होल उजवीकडे, म्हणजे सातपुड्याच्या अंगाला वळतो. डावीकडे शेवटपर्यंत तारेचं कुंपण, पांढऱ्या खुंट्या, म्हणजे मैदानाची हद्द, आणि पलीकडे केळीचा मळा. उजवीकडे दीडशे यार्डांपासून वळणापर्यंत बाभळी आणि मध्ये एक जुना हिवर. आणि या सगळ्याला तिरकी कापत जाणारी पाटचारी. ती डाव्या अंगाला टीपासून १९० यार्डांवर आहे आणि उजव्या अंगाला २४० वर. दोन्ही काठांना लाल खुंट्या, म्हणजे आत दंडक्षेत्र.

आता हा तिरपेपणा नीट बघा, कारण सगळी फसवणूक तिथे आहे. टीवर उभं राहिलं की उजवीकडे मोकळी जागा जास्त दिसते. पाटचारी तिथे लांब आहे, शिवाय होलही उजवीकडेच वळतोय, म्हणजे वाट जवळची. मन आपोआप तिकडे जातं. पण तिथे बॉल छान बसला तरी समोर बाभळी उभ्या. ब्राऊन, म्हणजे शेवटी कप आणि झेंडा असतो तो वाळूचा गोल, दिसतच नाही. डावीकडून ब्राऊन दिसतं, पण तिथे पाटचारी १९० वरच आडवी येते. म्हणजे लांब मारणाऱ्याला उजवीकडे दृष्टी नाही आणि डावीकडे जागा नाही. ज्याचा बॉल हवेतच २०० यार्ड जातो आणि सरळ जातो, त्याने डावीकडून पाटचारी ओलांडावी, माझी ना नाही. तुमचा ड्रायव्हर घरंगळण्यासकट २१० जातो आणि शेवटी उजवीकडे वळतो. या होलवर त्या फटक्याला उतरायला जागाच ठेवलेली नाही.

मग करायचं काय? आधी कार्ड वाचायचं. हे ऐकून बरेच जण हसतात, पण हिशोब करा. आपण नऊ होल दोनदा खेळतो, म्हणजे सातवा होल दुसऱ्या फेरीत सोळावा होतो, आणि त्यांचे इंडेक्स १ आणि २ आहेत. तुमचे २४ फटके अठरा होलवर वाटले की प्रत्येकी एक, आणि उरलेले सहा इंडेक्स १ ते ६ च्या होलना. म्हणजे या होलवर तुम्हाला दोन्ही वेळा दोन-दोन फटके मिळतात. तुमच्यासाठी हा पार सहाचा होल आहे! स्टेबलफोर्डमध्ये (प्रत्येक होलला गुण देण्याची पद्धत) ६ केले तर दोन गुण, ५ केले तर तीन, आणि ८ केले की शून्य. २०२० पासूनच्या नव्या हँडिकॅप पद्धतीत एका होलचा जास्तीत जास्त आकडा निव्वळ डबल बोगी (पार, अधिक दोन, अधिक त्या होलचे सवलतीचे फटके) धरतात, तो तुमच्यासाठी ८. म्हणजे तुमचे ते ११ हँडिकॅपच्या हिशोबात ८ च झाले. स्वतःला उगाच इतका त्रास करून घेतलात.

पाच फटक्यांत हा होल असा होतो. टीवरून सगळं मिळून १६५ ते १७० यार्ड, मधल्या रेषेच्या थोडं डावीकडे. कुंपणाकडे नाही. टीच्या सरळ रेषेत लांबवर पाण्याची टाकी दिसते, तिच्यावर. दुसरा फटका १३० यार्ड, वळणाच्या पुढे. पाटचारी ओलांडायला त्यातले चाळीसेक यार्डच हवेत लागतात, तेव्हा टॉप केला नाही, म्हणजे बॉलच्या डोक्यावर मारून तो जमिनीलगत घरंगळवला नाही, तर तिची भीती संपली. राहिले साधारण ९० यार्ड, समोर मोकळं. तिसरा ब्राऊनवर किंवा त्याच्या पुढ्यात, मग दोन पट (बॉल घरंगळवत कपात नेण्याचे फटके). एखादा फटका वाया गेला तरी सहा. यात १७० च्या वरचा एकही फटका नाही, आणि ड्रायव्हर तर नाहीच.

मी कॅडी असताना एक वयस्कर साहेब यायचे. पाठ वाकलेली, बॉल कधी दीडशेच्या पुढे गेला नाही. या होलवर ते पाच नंबरची आयर्न (लोखंडी क्लब, नंबर जितका मोठा तितका फटका आखूड) काढायचे, तीनदा तीच मारायचे, आणि पाच लिहून पुढे जायचे. तरणे गडी निंबाखाली उभे राहून हसायचे आणि मग अर्धा तास बाभळींत बॉल शोधायचे. आमचा थोरला कॅडी अशांना म्हणायचा, "दमानं घ्या भो, पाटचारी कुठं पळून नाही चालली." तेव्हा बॉल शोधायला पाच मिनिटं मिळायची. २०१९ पासून तीनच मिळतात, आणि बाभळीच्या काट्यांत तीन मिनिटं म्हणजे फक्त हात ओरबाडून घेण्यापुरती.

आता १७० यार्ड म्हटलं, पण कोणत्या महिन्यात? आपल्याकडे इथेच गोम आहे. पुस्तकं आणि व्हिडिओ हिरव्यागार मैदानांवरचे. आपली जमीन काळी, कपाशीची. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगाळते.

ऑगस्टमध्ये बॉल पडतो तिथेच बसतो, कधी कधी रुततो. तेव्हा १७० हवे तर जवळजवळ १६५ हवेतच जायला हवेत, म्हणून हायब्रिड, बॉल हवेतून लांब नेणारा क्लब. स्वतःच्याच खळगीत रुतलेला बॉल मोकळ्या भागात असेल, म्हणजे पाटचारी किंवा बंकरमध्ये नसेल, तर दंड न लागता उचलून, पुसून, लगेच मागे गुडघ्याच्या उंचीवरून टाकता येतो. चिखलाचा गोळा तसाच मारणारे लोक मी पाहिलेत, नियम माहीत नसतो म्हणून. दिवाळी ते संक्रांत हा सर्वांत सोपा काळ. बॉल वीसेक यार्ड घरंगळतो, पाच नंबरची आयर्न बरोबर बसते. मार्चनंतर मात्र फेअरवे म्हणजे खळं. बॉल पडल्यावर पस्तीस-चाळीस यार्ड पळतो. त्यात गरम हवा विरळ, त्यामुळे हवेतही दोन-चार यार्ड जास्त मिळतात. तेव्हा सात नंबर पुरे. एप्रिलमध्ये पाच नंबर छान लागली म्हणून आनंदाने बघत राहिलेले आणि बॉल टुणटुण करत पाटचारीत उतरताना पाहिलेले लोक दर वर्षी भेटतात. तुमच्या पाटचारीच्या तक्रारीतला अर्धा हिस्सा बहुधा याचाच असणार.

भेगांबद्दल एक. बॉल रुंद भेगेत गेला तर फुकट सुटका मिळते असं सगळे धरून चालतात. समितीने त्या भेगा किंवा तो पट्टा दुरुस्तीखालची जमीन म्हणून जाहीर केला असेल तरच मिळते. सूचनाफलक बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात सहसा लावतात, पण लावलेला नसेल तर न खेळता येणारा बॉल म्हणून एक दंड घ्यावा लागतो. घुशीचं बीळ असेल तर मात्र दंड नाही, कारण जनावराच्या बिळाला नियमातच सूट आहे. दोन्ही भोकं वरून सारखीच दिसतात, तेव्हा वाकून नीट बघा आणि जोडीदारालाही दाखवा.

वाऱ्याचं सांगतो. टी निंबाच्या आडोशाला आहे, तिथे गवत उडवून काही कळत नाही. कुंपणापलीकडच्या केळीकडे बघा. केळीवाल्याला वारा जितका कळतो तितका कुणालाच नाही. उन्हाळ्यातल्या झळांपासून बाग वाचवायला लोक कडेने शेवरी किंवा उंच गवत लावतात, ते उगाच नाही. शेंड्याची नवी पानं नुसती डुलत असतील तर वारा धरू नका. पानं उलटी होऊन पांढुरकी पाठ दाखवायला लागली की एक क्लब वाढवा. फाटून चिंध्या झालेल्या पानांवरून मात्र अंदाज करू नका, त्या कालच्याही असतात. तापीचं खोरं पूर्व-पश्चिम पडलेलं. उन्हाळ्यात दुपारी वारा मावळतीकडून, म्हणजे टीवर थेट तोंडावर. तोच वारा वळणानंतर डावीकडून लागतो आणि बॉल उजवीकडच्या लवणात ढकलतो. हिवाळ्यात सकाळी आठच्या आत खेळलात तर वारा जवळजवळ नसतोच.

(त्या मळ्याच्या मालकाकडे आमचे किती बॉल असतील याचा हिशोब नाही. एकदा घड कापताना फण्यांच्या मध्ये एक बॉल निघाला होता. मजूर टोपलीत बॉल गोळा करून आणून देतात, त्यांना चहा पाजा. तुमचा बॉल तारेपलीकडे गेल्यासारखा वाटला तर पुढे चालत जाण्याआधी "प्रोव्हिजनल (तात्पुरता बॉल) मारतोय" असं तोंडाने सांगून दुसरा मारा. न बोलता मारलात तर तो दुसराच बॉल खेळातला ठरतो, पहिला आत सापडला तरी.)

आता समजा, सगळं ऐकूनही बाभळींत गेलात. होतं. तिथे एक फट दिसते, हिवर आणि तिसऱ्या बाभळीच्या मध्ये. ती फट मी चाळीस वर्षं बघतोय. तिच्यातून बॉल गेलेला मी मोजून दोनदा पाहिला, त्यातला एक मारणाऱ्याने दुसऱ्याच दिशेला मारला होता. फटीकडे बघूच नका. पाठ ब्राऊनकडे झाली तरी चालेल, सात नंबर घ्या, बॉल मागच्या पायाजवळ ठेवा, आणि आडवा फेअरवेवर काढा. तुमच्याकडे दोन फटके शिल्लक आहेत, त्यातला एक इथे खर्च करायचा. तुमचे ८ आणि ९ टीवर होत नाहीत, या फटीत होतात.

पाटचारीत बॉल गेला तर काय, हा भाग लोक सर्वांत जास्त चुकवतात. वर्षातले बरेच महिने ती कोरडी असते. कोरडी असली तरी लाल खुंट्यांच्या आत दंडक्षेत्रच. पण बॉल खेळण्यासारखा असेल तर दंड न घेता तिथूनच मारता येतो. पूर्वी आत क्लब जमिनीला टेकवता यायचा नाही, काडी-कचरा हलवता यायचा नाही. २०१९ पासून दोन्ही चालतं. तळाशी गाळ, वाळू असेल आणि काठ खांद्याच्या खाली असेल तर जरूर मारा, सरळ वर काढून. पण जिथे काँक्रीटचं अस्तर केलंय त्या तुकड्यात नाही. काँक्रीट आहे म्हणून फुकट सुटका मिळत नाही, दंडक्षेत्रात ती सवलतच नाही. मी पंचविशीत असताना तिथून मारण्याची मर्दुमकी केली होती. बॉल गेला सहा फूट, आणि उसना आणलेला वेज (बॉल उंच उडवणारा आखूड क्लब) मुठीजवळून वाकला. तो भरून द्यायला दोन महिने बॅगा उचलल्या.

सुटका घ्यायची तर एक दंड. बॉल जिथून शेवटचा आत गेला तो काठावरचा बिंदू धरा. तिथून दोन क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून टाका. नाही तर तो बिंदू आणि झेंडा यांच्या रेषेत हवं तितकं मागे जा. आता बारकावा ऐका. तुमचा बॉल पाटचारी ओलांडून पलीकडच्या काठावर पडला आणि मग मागे घरंगळून आत गेला, तर 'शेवटचा आत गेला' तो बिंदू पलीकडचा काठ आहे. म्हणजे टाकायचाही पलीकडे. होलच्या जवळ जाता येत नाही म्हणून सरळ काठ असता तर जागाच मिळाली नसती, पण आपली पाटचारी तिरकी आहे, त्यामुळे त्या बिंदूच्या डाव्या हाताला, काठाला लागून, पाचरीसारखी थोडी जागा सापडते. दर वर्षी कुणी तरी विनाकारण अलीकडे येऊन टाकतो आणि पुन्हा पाटचारीवरून मारतो. हिवाळी पिकांना आवर्तन सुटलं की ती काठोकाठ वाहते. मग बॉल पुढच्या गावाला गेला समजा, पण नियम तेच.

तिसरा फटका, नव्वद यार्डांचा. आपल्याकडे ग्रीन नाही, ब्राऊन आहे. तेल घातलेली वाळू, फळीने सारखी केलेली. इतकं पाणी वर्षभर गवताला कुठून आणणार? बाहेरून आलेले खेळाडू याला नाक मुरडतात आणि मग इथेच तीन-तीन पट करतात. ब्राऊन जेमतेम बारा पावलं रुंद, आणि त्याच्या पुढ्यात मुरमाची कडक पट्टी. उंच वेज मारून मुरमावर पाडलात तर बॉल उसळून मागच्या गवतात. थेट ब्राऊनवर पाडायला अचूकता हवी, ती चोवीसच्या हँडिकॅपला रोज नसते, मलाही नसते. म्हणून नऊ नंबर घ्या, पाऊण झोका, बॉल थोडा मागे, हात पुढे. खालून जाऊ द्या. मुरमाच्या दहा-बारा यार्ड आधी पाडा, तो पळत वर चढतो. ब्राऊनच्या वाळूत शिरला की वेग आपोआप मरतो. निशाण झेंड्याच्या डावीकडे, डाव्या काठाशी, कारण वारा आणि उतार दोन्ही उजवीकडे नेतात. उजवीकडचं लवण पावसाळ्यात भरतं. तिथे तुंबलेलं पाणी दंडाशिवाय सुटका देतं खरं, पण उभं राहायला चिखलच मिळतो. ऑगस्टमध्ये तेवढा अपवाद करा, मुरूम मऊ असतो, पिचिंग वेजने सरळ ब्राऊनवर टाका.

या नव्वद यार्डांचा सराव कुठे करायचा असं विचाराल. शिवारात पऱ्हाटी उपटून रिकामं झालेलं रान कुणाचं तरी असतंच, मालकाला विचारा. मी एक जुनं टायर ठेवतो, सत्तर पावलांवर, आणि पोरांना सांगतो की बॉल टायरच्या आत नाही, टायरच्या अलीकडे पडला पाहिजे. अशा कडक, उघड्या जमिनीवर बॉलच्या मागे क्लब आदळला तर मनगटाला लगेच कळतं. हिरवळीच्या चटईवर ती चूक लपते. चिन्नास्वामी मुनियप्पा कॅडी होते, २००९ ची इंडियन ओपन त्यांनी जिंकली. त्याआधी १९९१ मध्ये ती जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक अली शेर, तेही कॅडीच होते. साध्या जागेवर शिकण्यात कमीपणा वाटत असेल तर ही दोन नावं आठवा.

पटचं थोडकंच. ब्राऊनवर गवताची लव नसते, त्यामुळे बॉल फारसा वळत नाही. कप १०८ मिलिमीटरचा, तो कुठे जात नाही. अडचण वेगाची. सकाळी फळी नुकतीच ओढलेली असते तेव्हा वाळू सैल, बॉल लवकर थांबतो. चार चमू खेळून गेले की पायाने दाबली जाते आणि पळते. म्हणून सकाळी ठामपणे मारा, दहानंतर हात आवरा. झेंडा काढायची गरज नाही, २०१९ पासून तो आत ठेवूनही पट करता येतो, आणि वेगाचा अंदाज चुकला तर काठी वाचवते. आपल्या बॉलपासून कपापर्यंतची रेघ फळीने सारखी करायची इथली रीत आहे. बॉलची खूण करून उचला, एकदाच ओढा, कपाकडून बॉलकडे, आणि दुसऱ्याच्या रेघेवर पाय देऊ नका.

रविवारी पाटचारीला पाणी आहे की नाही ते शनिवारी माळीबुवांना विचारून ठेवा. आणि होल संपवून निघताना फळी पूर्ण गोल फिरवूनच निघा, अर्धवट ओढून ठेवलेलं ब्राऊन पाहिलं की ते दिवसभर बोलत नाहीत.